वाळपईत राफ्टसाठी ट्रेलर केला त्याची हकीकत

गेल्या पावसाळ्यापासून भेटेल तो एकच विचारतो, हा ट्रेलर पासिंगचा आहे का? आहे. नंबर आहे, आरसी आहे, इन्शुरन्स आहे. कसं झालं, किती गेले, कुठे अडकलं ते एकदा लिहून टाकतो, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत काहीच मिळालं नाही आणि इंग्रजीत मिळालं ते बहुतेक अमेरिकेतलं, तिकडे कित्येक ठिकाणी माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये ट्रेलर वेल्ड करतो आणि नंबर घेऊन येतो. आपल्याकडे ते तसं होत नाही.

राफ्ट, म्हणजे हवा भरून फुगवायची रबरी होडी, आली २०२४ च्या सप्टेंबरात. कोलाडच्या बाजूला एकाने धंदा आवरता घेतला, त्याच्याकडून सेकंडहँड घेतली, १४ फुटी, सेल्फ-बेलिंग तळाची (आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं), दोन ठिकाणी पॅच मारलेली पण ट्यूब दणकट. आमच्यातले दोघं तिथल्या कुंडलिका नदीवर सीझनला गाइड म्हणून राबलेले. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सोडतात, त्यामुळे वेळ साधारण ठरलेली, घड्याळ बघून नदीत उतरायचं. आमच्या गोव्यातल्या म्हादईचं तसं नाही. ती तिकडे खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते, घाटात पाऊस कोसळला की इकडे उस्त्याला, आम्ही नदीत उतरतो तिथे, पाणी चढतं आणि पाऊस थांबला की तितक्याच घाईने उतरतं. पाणी बरोबर आहे असा फोन आला की तासाभरात निघता आलं पाहिजे, नाहीतर गेला तो दिवस.

आता राफ्ट गुंडाळून बोलेरो जीपमध्ये टाकली तर नदीवर पोचल्यावर उतरवा, पसरा, पंप मारा, यातच पाऊण तास जातो, वरून पाऊस चालूच. आणि परत आल्यावर ओली घडी घालून ठेवली तर आमच्या सत्तरी तालुक्याच्या हवेत चार दिवसांत बुरशी. टपावर बांधून बघितली, पण ७५ किलोचं ओलं रबर टपावर चढवायचं म्हणजे दोघांच्या पाठी धरतात, आणि पुढून वारा आत शिरला की गाडी हलते ते वेगळंच. म्हणून फुगवलेलीच नेता-आणता येईल असा ट्रेलर. हे सगळं आमच्या चौघांच्या हौसेसाठी, पर्यटन महामंडळाचं पावसाळ्यातलं राफ्टिंग चालतं ते वेगळं, आम्ही पैसे घेऊन कुणाला नेत नाही. हा मुद्दा पुढे कागदांत कामाला आला म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पहिला विचार सरळ होता, उसगावला एक मेस्त, म्हणजे वेल्डिंगचा कारागीर, आहे, त्याच्याकडे जायचं आणि अख्खा ट्रेलर करून घ्यायचा. हा मेस्त खाणींच्या जमान्यातला, टिपरचे हौदे बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग जरा सुरू होतात न होतात तोवर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली, तेव्हापासून तो गेट, ग्रिल, शेड असली कामं करतो. ट्रेलर म्हटल्यावर त्याचे डोळे लकाकले. "पात्रांव, आठ दिसांत करून दितां." मी म्हटलं, मेस्त, जरा थांब, आधी कागदाचं बघून येतो.

नोव्हेंबरात दिवाळी आटपल्यावर वाहतूक खात्याच्या ऑफिसात गेलो. आपण सगळे आरटीओच म्हणतो, पाटीवर काहीही असो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "ट्रॅक्टरचा?" नाही म्हटलं. "मग कशाचा?" जीपचा, होडीसाठी. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि आत साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी मात्र शांतपणे बसवून समजावलं, त्यांचे आभार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नसलं तरी तो वाहन, म्हणजे जीपला जसं रजिस्ट्रेशन तसं त्यालाही. आणि नवीन वाहन रजिस्टर व्हायचं तर त्या मॉडेलला एआरएआय किंवा तसल्या मान्यताप्राप्त टेस्टिंग संस्थेची मंजुरी लागते, ती मंजुरी ‘वाहन’ पोर्टलला, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या सरकारी ऑनलाइन सिस्टिमला, चढलेली लागते, मगच नंबर पडतो. गल्लीतल्या वेल्डरने केलेला एकटा-दुकटा ट्रेलर कितीही भक्कम असला तरी सिस्टिममध्ये तो भरणार कुठे? आणि एका ट्रेलरसाठी टेस्टिंग करून घ्यायचं तर त्या पैशात नवी राफ्ट येईल.

घरी येताना तोंड पडलेलं होतं, खोटं कशाला सांगू. पण दोन-तीन रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर मार्ग दिसला. मंजुरी असलेला साधा सपाट छोटा ट्रेलर कंपनीकडून घ्यायचा, तो आहे तसाच पास करून घ्यायचा, आणि राफ्टसाठी जे काही करायचंय ते सगळं वरून नट-बोल्टने बसवायचं, चेसिसला एकही वेल्डिंग नाही, एकही नवीन भोक नाही. कारण कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. बोल्ट काढले की उतरणारा रॅक म्हणजे सामान बांधायची सोय. साहेबांना पुन्हा जाऊन हे विचारलं, ते म्हणाले लांबी-रुंदीच्या बाहेर काही काढू नका आणि वजन मर्यादेत ठेवा. ज्यांना असं काही करायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं की लोखंड घ्यायच्या आधी हे बोलणं करून घ्या, आमचं पुढचं सगळं डिझाइन त्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून निघालं.

डिसेंबरात ऑर्डर दिली. घाटावरच्या एका कारखान्याचा, एका ॲक्सलचा, पाट्यांच्या सस्पेन्शनचा ट्रेलर, रिकामा २३० किलो, भरून जास्तीत जास्त ७५० किलो. हा ७५० चा आकडा महत्त्वाचा, तिथपर्यंत तो सगळ्यात हलक्या गटात मोडतो. ऑर्डर देताना तीन गोष्टी बघा. एक, हबला कुठलं चाक बसतं. आमच्याला ओमनीचं १२ इंची चाक बसतं, म्हणजे स्टेपनी आणि टायर कुठल्याही गावात मिळतं. दुसरं, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांडीची लांबी. जेवढी लांब तेवढा रिव्हर्स सोपा आणि राफ्टचं नाक दांडीच्या वर येऊ शकतं. तिसरं, कपलर, म्हणजे गाडीच्या मागच्या बॉलवर बसणारं दांडीचं टोक, ५० मिलिमीटरच्या बॉलचा आहे ना. बाहेरून मागवलेले दोन इंची बॉल मिळतात, ते पाऊण मिलिमीटरने मोठे असतात, तसली भेसळ करायची नाही. किंमत ९२ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८ हजार ५६०. ट्रकचं भाडं ९ हजार वेगळं. ई-वे बिल त्यांच्याकडूनच करून घ्या, ५० हजारांवरच्या मालाला ते लागतंच.

ट्रेलर आला जानेवारीच्या शेवटी, टेम्पररी नंबर घेऊन. आणि मग कागद अडकले. कारखान्याने सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म २१ वर, रिकामं वजन एक लिहिलेलं आणि पोर्टलला मंजुरीत दुसरं, फरक पाचच किलोचा, पण सिस्टिम पाच किलो आणि पाचशे किलो यात भेद करत नाही. सर्टिफिकेट परत पाठवलं. दुरुस्त होऊन यायला इतका वेळ लागला की मध्ये शिगमो येऊन गेला, रोमटामेळाचे ढोल संपले तरी माझं कुरियर येईना. रोज फोन केला की "कल निकला है सर" एवढंच उत्तर. म्हणून पैसे देतानाच सांगा की फॉर्म २१ आणि फॉर्म २२ (कारखान्याचं रोडवर्दी सर्टिफिकेट) ची कच्ची प्रत आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, चेसिस नंबर, तिन्ही मापं, वजन सगळं पोर्टलशी ताडून झाल्यावरच पक्की प्रिंट काढा.

एप्रिलात फॉर्म २०, म्हणजे रजिस्ट्रेशनचा अर्ज, भरला. इथे एक बारीक पण पैशाचा मुद्दा. काउंटरवर अर्ज कमर्शियल ट्रेलरच्या वर्गात भरायला घेतला, त्यांचंही चुकत नाही, त्यांच्याकडे येतात ते तसलेच. पण केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-ट्रान्सपोर्ट वाहनांच्या यादीत ‘खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर’ असा वर्ग आहे, आणि ‘वाहन’च्या यादीत तो ‘कॅम्पर व्हॅन/ट्रेलर प्रायव्हेट यूज’ नावाने सापडतो. मी त्याची प्रिंट खिशात घेऊनच गेलेलो. कमर्शियलमध्ये गेलात की फिटनेस वगैरे मागे लागतं, खासगी वर्गात जीपसारखी १५ वर्षांची आरसी. साहेबांनी यादी स्क्रोल केली, वर्ग सापडला, बाई म्हणाल्या, "अरे, हे आम्ही कधी वापरलंच नाही." मग सगळेच हसले.

पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टरने चेसिस नंबर शोधला, दांडीच्या उजव्या अंगाला ठोकलेला असतो, त्याची पेन्सिल प्रिंट घेतली (ट्रान्सपरंट टेप आणि मऊ पेन्सिल घरून न्या, तिथे कुणाकडे नसते), इंजिन नंबरच्या रकान्यावर दोघं मिनिटभर थांबले, मग रेघ मारली. दिवे, इंडिकेटर, मडफ्लॅप, रिफ्लेक्टर टेप बघितली. टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, आणि बाजारातली चकाकणारी डुप्लिकेट लावू नका, ती पहिल्या पावसातच सुटून लोंबायला लागते. संध्याकाळपर्यंत झालं.

इन्शुरन्सचं आधी एजंटने "जीपच्या पॉलिसीत सगळं येतं" म्हणून सांगितलं. येत नाही. ट्रेलरची त्यात वेगळी नोंद करून, त्याचा वेगळा प्रीमियम भरून, कागदावर ट्रेलरचा चेसिस नंबर आला पाहिजे. तोंडी काहीही मानू नका.

आता लोखंडाचं. कागद रखडलेले तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिल मेस्तकडे रॅक चालू होता, कारण रॅक सुटा, त्याला नंबर लागत नाही. आणि इथे माझं आणि मेस्तचं जे काही चाललं ते लिहायला अख्खी वही लागेल. मी म्हणत होतो ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा. मेस्तने तो पाइप हातात घेतला, बोटाने वाजवला आणि जमिनीवर ठेवला. "हें मोडटलें." त्याला ७५ मिलिमीटरचं जाड लोखंडी चॅनेल हवं होतं. मी त्याला समजावत होतो की मेस्त, यात आयर्न ओर भरायचं नाहीय, आत हवा आहे हवा. चॅनेल मीटरला सात किलोच्या वर भरतं, हा पाइप सव्वादोन-अडीच. आम्हाला २४ मीटर लागत होता, म्हणजे एकीकडे १७० किलो आणि दुसरीकडे ५७. शेवटी मी राफ्टच घेऊन गेलो, त्याच्या शेडमध्ये फुगवली आणि त्याला म्हटलं, एक टोक उचल. त्याने उचललं, ठेवलं, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी पाइप कापायला घेतला. पण चार कोपऱ्यांना त्याने स्वतःच्या मनाने गसेट (कोपऱ्याला जोर देणारे तिकोनी तुकडे) मारले, मला न विचारता, आणि आज सांगतो की त्या गसेटमुळेच रॅक तिरका झालेला नाही, उस्त्याच्या रस्त्यावरचे खड्डे बघितलेत तर कळेल.

रॅकचा आकार कसा ठरला ते सांगतो. राफ्टची दोन्ही टोकं वर उचललेली असतात, त्यामुळे १४ फुटांतली खाली टेकते ती जेमतेम दहा-अकरा फूट. मागे काहीही बाहेर काढायचं नव्हतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल ठरलेल्या मर्यादेबाहेर डोकावला तर २० हजारांचा दंड आहे. म्हणून राफ्ट पुढे सरकवली, नाक दांडीच्या वर अधांतरी. पण बोलेरोच्या मागच्या दाराला स्टेपनी लटकलेली असते! सरळ रेषेत सगळं छान दिसतं, पण गाडी पूर्ण वळवून बघा. मैदानात नेऊन स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, ट्रेलर जितका दुमडेल तितका दुमडून माप घेतलं, मग एका बाजूच्या उतारावर नेऊन पुन्हा घेतलं, कारण जीप खाली आणि ट्रेलर वर असला की नाक अजून पुढे येतं. त्या मापाने राफ्ट नऊ इंच मागे आली. घाटात हेअरपिनवर हे कळण्यापेक्षा मैदानात कळलेलं बरं.

रुंदीला राफ्ट साडेसहा फूट आणि ट्रेलर मडगार्डसकट तेवढाच, त्यामुळे रॅक मडगार्डच्या वर चार बोटं ठेवून राफ्ट सपाट झोपवली. एका बाजूवर उभी करून नेतात काही लोक, पण मग तिचं शीड होतं.

राफ्टखाली काय घालायचं यावर बराच खल झाला. बाहेरचे लोक लाकडी पट्ट्यांवर कार्पेट मारतात. इथे जूनमध्ये भिजलेलं कार्पेट गणेश चवथीपर्यंत वाळत नाही. मेस्तने शेडच्या मागून खाणीवरच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा ओढून आणला. टनावारी खनिज वाहिलेलं ते रबर, त्याला राफ्टचं काय? पट्ट्या कापून रॅकला बोल्ट केल्या, बोल्टची डोकी आत बुडवून, म्हणजे ट्यूबला काही लागत नाही. सहाशे रुपये घेतले त्याने, ते पण मी बळेच दिले. मागच्या कडेला दोन नायलॉनचे रोलर, राफ्ट दोघांत सरकते.

रंग की गॅल्वनाइझ? गोव्यात हा प्रश्नच नको. रेड ऑक्साइड मारून वर कितीही एनॅमल लावा, दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डच्या कडेने तांबूस अश्रू गळायला लागतात, आणि पाइप आतून कुजतो तो दिसतही नाही. हॉट-डिप केलं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घेतलं, बेळगावच्या बाजूला, एप्रिलच्या शेवटी चोर्ला घाटातून रॅक टपावर बांधून नेला. पाठवण्याआधी प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांना भोकं पाडा. जस्ताचं ते कुंड साडेचारशे डिग्रीच्या आसपास असतं, आत हवा किंवा ओल कोंडली असेल तर पाइप फुटतो, माणसं भाजतात. भोकं नसतील तर ते लोक माल परत पाठवतात आणि बरोबरच करतात. त्याच भोकांतून पुढे पावसाचं पाणीही निघून जातं. खर्च साडेतीन हजार.

मे महिना वायरिंग आणि टो-बारसाठी (गाडीच्या मागचा, ट्रेलर ओढायचा बार) ठेवलेला, म्हटलं आरामात करू. आणि २०२५ चा मान्सून २४ मेला केरळात आणि लगेच दुसऱ्या दिवशी गोव्यात! मेस्तच्या शेडमध्ये बोलेरो अर्धी आत अर्धी बाहेर, मागची वायर उघडी, आणि वरून धो धो. इलेक्ट्रिशियनने छत्री धरून सात पिनचं सॉकेट जोडलं, म्हणजे छत्री मी धरली. ट्रेलरच्या दिव्यांना गाडीच्या वायरमधून थेट टॅप मारू नका, रिले मॉड्यूल लावा, नाहीतर इंडिकेटर वेड्यासारखे फडफडतात. आणि अर्थची वायर वेगळी ओढा, बॉल-कपलरमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, ग्रीस लागलं की एक दिवा मंद आणि दुसरा भलताच पेटतो. दिव्यांची पट्टी आम्ही राफ्टच्या मागे सुटी केलीय, दोन खिट्ट्या काढल्या की हातात येते, नदीवर असताना जीपमध्ये ठेवतो.

टो-बार घेताना बंपरला बसणारा साडेतीन हजारांचा शोभेचा बार घेऊ नका. तो आपल्या मागे येणाऱ्याला धडकायला असतो, ओढायला नाही. बोलेरोला खाली लॅडर चेसिस आहे, तिच्या दोन्ही उभ्या तुळयांना बोल्ट होणारा बार घेतला, १४ हजार ५००. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, काही गाड्यांना चक्क ओढू नका म्हणून लिहिलेलं असतं. दोन सेफ्टी चेन दांडीच्या खाली फुली मारून अडकवायच्या, कपलर सुटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

मग वजनाचा तोल. ट्रेलर २३०, रॅक ५७, राफ्ट ७५, वल्ही-जॅकेट-हेल्मेट-पंप-दोऱ्या असलेली पेटी ६५, एकूण सव्वाचारशेच्या वर. त्यातलं दहा टक्क्यांच्या आसपास वजन पुढे बॉलवर यायला हवं, म्हणजे ४३ किलो. कमी असलं, शेपूट जड झालं, की साठच्या स्पीडला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि जीपलाही हलवतो. मोजायचं कसं? बायकोचा घरातला वजनकाटा, त्यावर लाकडाचा ठोकळा, बॉलच्या बरोबर उंचीवर, त्यावर दांडी. पहिल्यांदा २६ आले. पेटी पुढे सरकवत सरकवत ४४ ला आणली आणि तिथे तिला कायमच्या क्लॅम्प लावल्या. वजनकाटा तेव्हापासून ट्रेलरचाच झालाय, घरात नवीन आणावा लागला, तो खर्च हिशेबात धरलेला नाही.

रिव्हर्स शिकायला फुटबॉलचं मैदान. गावातली पोरं कडेला बसून कॉमेंट्री करत होती. युक्ती एकच, हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, मग हात डावीकडे गेला की ट्रेलर डावीकडे जातो, उजवीकडे गेला की उजवीकडे. आणि हळू, खूप हळू, दुमडायला लागला की थांबून पुढे घ्या, लाज बाळगू नका. आमच्याकडचे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि समोरून कदंबची बस, तिथे रिव्हर्स यावाच लागतो. मला अजूनही डावीकडचा नीट येत नाही.

पहिल्यांदा नदीवर नेला तो सांजांवचा सण झाल्यावर, जुलैच्या सुरुवातीला. त्याआधी एकदा सगळी तयारी झाली होती पण हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट लागला, मग रॅकवरून राफ्ट उतरवलीच नाही आणि गप्प घरी भजी खाल्ली. फुगलेल्या नदीत हौस नको, तिथे नेहमी जाणाऱ्या गाइड लोकांचं ऐकतो. ते नाही म्हणाले की नाही. नंतर पाणी बसलं, फोन आला, आणि खरोखर तासाभराच्या आत उस्त्याच्या पुलाजवळ होतो. तिथून खाली सोनाळपर्यंत. राफ्ट उतरवायला, जॅकेट चढवून पाण्यात जायला पूर्वीच्या मानाने काहीच वेळ लागला नाही. जीप आणि ट्रेलर तोवर माझ्या मावसभावाने सोनाळला नेऊन उभा केला. हा मनुष्य राफ्टमध्ये कधीच बसत नाही, पण त्याच्याशिवाय हे सगळं होत नाही.

बांधण्याबद्दल थोडं. रॅचेट पट्टे वापरू नका, हँडल मारत गेलं की किती आवळलं ते कळत नाही आणि ट्यूबला घडी पडते. कॅम बकलचे पट्टे हाताने ओढायचे, तेवढं पुरतं. पट्ट्याला बांधताना अर्धा पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात तो असा घुमतो की आत बोलता येत नाही. ऊन असेल तर निघताना थोडी हवा सोडा, आतली हवा तापून ट्यूब टम्म होते, मग गार पाण्यात उतरल्यावर परत दोन-चार पंप मारा. ट्रेलर पाण्यात नेऊ नका, नुकतं धावलेलं हब गरम असतं, ते एकदम गार पाण्यात बुडलं की सीलमधून पाणी आत ओढून घेतं आणि बेअरिंग गेलं. आम्ही पुलाच्या अलीकडेच थांबतो आणि राफ्ट खांद्यावर नेतो. ग्रीस मात्र दरवर्षी पावसाच्या आधी बदलायचं. आणि घरी ट्रेलर माडाखाली लावायचा नाही, हे गोंयकाराला सांगायला नको, पण आमच्यातल्या एकाने लावलाच होता.

पैशाचं एकत्र सांगतो. ट्रेलर आणि भाडं मिळून १ लाख १७ हजार ५६०, टो-बार १४ हजार ५००, वायरिंग ५ हजार २००, रॅकचं लोखंड ४ हजार १००, मेस्तची मजुरी ९ हजार, गॅल्वनाइझ साडेतीन, बेल्ट सहाशे, पट्टे ३ हजार २००. कागद, टॅक्स, इन्शुरन्स धरून १ लाख ७० हजारांच्या आत बसलं, चौघांत वाटलं म्हणून झेपलं. मेस्त म्हणतो मी अर्ध्यात केला असता. केला असता, पण मग तो अंगणाबाहेर निघाला नसता.

नंबर प्लेटचं राहिलं. कायद्याच्या ६१ व्या कलमाप्रमाणे ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे, आणि ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला. आमच्या बोलेरोच्या दाराजवळ म्हणून एक दुसराच नंबर लिहिलेला आहे, पेट्रोल पंपावर लोक चोरीची गाडी असल्यासारखं बघतात. पण त्याचा एक फायदा झालाय. गावात ट्रेलर उसना मागणारे बरेच झालेत, कुणाला चिरे आणायचेत, कुणाला लग्नाच्या खुर्च्या. मी कुणालाच नाही म्हणत नाही. ने म्हणतो, फक्त तुझ्या गाडीला टो-बार बसव, तुझ्या पॉलिसीत ट्रेलरची नोंद कर, तुझा नंबर मागे लाव आणि याचा नंबर तुझ्या गाडीवर रंगवून घे. अजून तरी कुणी नेलेला नाही.